सालींसकट

ते गेले तेव्हा मी शाळेत सहावीला अपूर्णांक शिकवत होते. मुख्याध्यापकांनी बाहेर बोलावून सांगितलं. मी परत वर्गात गेले आणि फळा पुसला. तापीपलीकडे, जैनाबादच्या आमच्या मळ्यात, माझे यजमान पंपाजवळ बसले होते, तिथेच आडवे झाले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मला रडू आलं नाही. आमच्या सिंधीपुऱ्यातल्या बायका जवळ घेऊन म्हणायच्या, “रडून घे बाई, मोकळी हो.” मी मान हलवायचे. कुणी चहा दिला तर प्यायचे, वाढलं तर जेवायचे. तेरावं झाल्यावर शाळेत जायला लागले. भूल दिलेल्या अंगावर डॉक्टर काहीतरी करतोय हे कळतं, दुखत मात्र नाही, तसं चाललं होतं.

मळ्यात तेव्हा द्राक्षं भरत आली होती. आमच्या आजूबाजूला सगळी केळी. द्राक्षं लावणारे हेच एकटे, तीही वाइनसाठी. पहिल्या वर्षी बरीच रोपं मेली. मग जिथून जे मिळेल ते पांढऱ्या द्राक्षाचं रोप आणून त्यांनी रिकाम्या जागा भरल्या. त्यामुळे एकाच ओळीत चार-पाच जातींचे वेल झाले. कुठला लवकर पिकणारा, कुठला उशिरा, एक तर इतका आंबट की पाखरंही सोडून द्यायची. लोक हसले. हे म्हणाले, असू द्या, एकाच दिवशी सगळी तोडू आणि एकत्रच आंबवू. औषधाचा एक फवारा त्यांनी कधी मारू दिला नाही, कडुलिंबाचा अर्क सोडून. पांढऱ्या वाइनसाठी एरवी रस लगेच गाळून घेतात आणि साली फेकतात. यांना साली रसातच ठेवायच्या होत्या. “साल काढली तर राहिलं काय? साखरेचं पाणी!” असं म्हणायचे.

सासूबाईंना, आमच्या जिजींना, हे मुळीच मान्य नव्हतं. गळ्यात तुळशीची माळ, घरात कुणी कधी दारूला शिवलेलं नाही. द्राक्षं कशासाठी आहेत हे कळलं त्या दिवसापासून त्या मळ्यात गेल्या नाहीत. मुलाला गरम भाकरी वाढायच्या, पण मळ्याचं विचारायच्या नाहीत.

तोडणीच्या आधी यांच्या मित्राचा फोन आला. वाइनचं शिक्षण घेतलेला माणूस. परवान्याचं कामही त्यांनीच केलेलं.

“वहिनी, द्राक्षं तयार आहेत. काय करायचं?”

“मंडीत देऊन टाका, भाऊजी,” मी म्हणाले.

जिजी पलीकडे गहू निवडत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, “त्यानं अंगूर कशापायी लावले होते?”

“वाइनसाठी.”

“मग तेच कर.”

“जिजी, दारू असते ती.”

“मले काय माहीत नाही का?” त्या म्हणाल्या आणि पुन्हा सुपाकडे वळल्या.

तोडणी झाली. मळ्यात केळी पिकवायची जुनी थंड खोली होती, तिथे स्टीलची पिंपं मांडली. देठ काढले, द्राक्षं चेचली आणि रस, गर, साली, सगळं पिंपांत गेलं. वरून खमीर घातलं नाही. सालीवर असतं तेवढ्यानंच आंबू द्यायचं होतं. भाऊजींनी समजावलं, “साली वर तरंगून येतील. सकाळ-संध्याकाळ लाकडी दांड्यानं खाली दाबायच्या. वर कोरड्या पडल्या तर खराब होईल. आणि दार उघडं ठेवून थोडं थांबून मगच आत जायचं, आंबताना वायू साचतो, गुदमरायला होतं.”

शाळेआधी आणि शाळेनंतर मी पूल ओलांडून जायचे, साली दाबायचे, परत यायचे. पिंपातून फसफस ऐकू यायची, गोडसर आंबूस वास यायचा. मला त्यातलं काही आवडत नव्हतं, नकोसंही वाटत नव्हतं.

एकदा परीक्षेच्या कामात शाळेतच अडकले. धावत मळ्यात पोचले तर खोलीचं दार सताड उघडं आणि आत जिजी. पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत धुतलेले, दोन्ही हातांनी दांडा दाबत होत्या.

“तुम्ही कशा आलात?”

“रिक्षानं. तू आली नाही, म्हटलं वाळून जाईल.” दांडा वर काढून त्यांनी पिंपात पाहिलं. “हे असं उकळतं का गं, बिना आगीचं?”

“आंबतंय, जिजी. इडलीचं पीठ फुगतं ना, तसं.”

“अच्छा,” म्हणाल्या आणि पुढच्या पिंपाकडे गेल्या. त्यानंतर संध्याकाळची पाळी त्यांचीच झाली. मी येऊ का विचारलं तर म्हणायच्या, तू पेपर तपास.

वर्षश्राद्धानंतर थोड्या दिवसांनी भाऊजी गाळून मुरवलेल्या वाइनच्या बाटल्या घेऊन आले. मळ्यातच बसलो. रंग पांढरा नव्हता, जर्दाळूसारखा होता, किंचित गढूळ. मी घोट घेतला. जिभेवर तुरटपणा बसला, पेरूची कच्ची फोड खाल्ल्यासारखा, मागून संत्र्याच्या सालीचा वास. भाऊजींचे डोळे भरून आले. माझे कोरडेच.

“कशी झाली?” जिजींनी विचारलं.

“तुरट.”

“आणि?”

“कळत नाही मला.”

“दे इकडे.” त्यांनी पेला घेतला, डोळे मिटून एक घोट गिळला आणि कडू काढा प्यावा तसं तोंड केलं. “रामा रे! हे पितात लोक?” मग पेला खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. “त्याले आवडली असती?”

मी हो म्हणणार होते. पण मला खरंच माहीत नव्हतं. ते म्हणाले असते की साली जास्त दिवस राहिल्या, किंवा अजून ठेवायला हव्या होत्या. कदाचित नुसतेच हसले असते. मला त्यांना विचारायचं होतं. वर्षभरात मला पहिल्यांदाच काहीतरी हवं झालं होतं, आणि ते मिळणार नव्हतं. ते दुखलं. मी जिजींचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.  भाऊजी उठून वेलांकडे निघून गेले.

बधिरपणा त्या दिवशी गेला असं नाही. अजूनही अधूनमधून येतो, विशेषतः शाळेच्या सुट्ट्यांत. मळा आम्ही मोडला नाही. तो आंबट वेल काढून टाकावा असं भाऊजींनी सुचवलं होतं. जिजी म्हणाल्या, राहू दे, त्यानं हातानं लावला आहे. छाटणीला त्या माझ्याबरोबर येतात. वाइन मात्र पुन्हा कधी तोंडाला लावली नाही त्यांनी.