संकष्टीच्या दिवशी पाण्याखाली

मी डायलिसिसची नर्स. "उपाशीपोटी येऊ नका हो, प्रेशर खाली जातं," असं पेशंटना दिवसातून दहा वेळा बजावते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हे असं.

जानेवारीतला गुरुवार होता. माझी सुट्टी, आणि नेमकी संकष्टी. फहाहीलहून आम्ही दोघं खैरानच्या समुद्रात डायव्हिंगला निघालो. माझे डायव्हिंगमधले जोडीदार नाशिकचे, इथे रिफायनरीत सेफ्टीचे इंजिनियर. वयाने मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणते. कुवेतला कसली आलीय थंडी, म्हणून गावाकडचे हसतात. हसू देत! जानेवारीत इथल्या समुद्रात नुसता हात घालून बघा म्हणावं.

रिफायनरीत कामाआधी जशी तपासणी, तशीच दादा बोटीवर करतात. हवा, कमरेची वजनं, बक्कल, आणि सगळ्यात शेवटी ठरलेला प्रश्न, "पोटात काय?"

"पोहे," मी म्हटलं.

धादांत खोटं. पोटात एक कप चहा होता. साबुदाणा भिजवायला विसरले होते आणि उपवास मोडायचा नाही म्हणजे नाही, असा माझा हट्टी स्वभाव. खरं बोलले असते तर दादांनी मला बोटीवरच बसवलं असतं. आणि थंडीत तिथल्या एका बुडालेल्या बार्जपाशी माकूल, ते रंग बदलणारे आठ-दहा हातांचे जीव, जमतात, त्यांची मी वर्षभर वाट बघितली होती.

माकूल दिसले, हे कबूल करायलाच हवं. पाणी हिरवट, गढूळ. बार्जच्या गंजक्या दारात एक जाडजूड हामूर मासा सोसायटीच्या वॉचमनसारखा उभा होता. त्याच्यापलीकडे दोन माकूल अंगावरचे पट्टे झरझर बदलत एकमेकांभोवती फिरत होते. मी बघतच राहिले. आधी दात वाजत होते, मग थांबले. छान वाटायला लागलं, झोप येऊ लागली. गारठ्यात असं छान वाटणं वाईट असतं हे मला, नर्सला, कळायला नको?

दादांनी बोटांनी विचारलं, ठीक आहेस ना? मी उत्तरच दिलं नाही. पुढचं मला तुटक आठवतं. त्यांनी माझा पट्टा मुठीत धरला, दुसऱ्या हाताने माझ्या तोंडातली हवेची नळी दाबून धरली, आणि मला हळूहळू वर आणलं. वर येताना शरीराला सवय व्हावी म्हणून मध्ये दोराशी थोडा वेळ थांबावं लागतं, तिथेही त्यांनी हात काढला नाही.

बोटीवर नोखदाने, म्हणजे आपल्या भाषेत नाखव्याने, मला ब्लँकेटात गुंडाळलं. हा म्हातारा कुवेती आम्हाला नेहमी नेतो. त्याने खजुरांचा डबा पुढे केला. मी मान हलवली.

"संकष्टी आहे. चंद्र उगवल्यावर."

"आणि पोहे?" दादा ओरडले. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "अगं, नळी काढायला निघाली होतीस तू! मी काय तुला तिथे सोडून वर येणार होतो? घरी दोन मुली आहेत माझ्या!"

माझ्या एका खोट्यात दोन घरं बुडाली असती, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तरीही, काय सांगू, हात खजुराकडे जाईना. इतक्या वर्षांची सवय.

म्हातारा आमच्या दोघांकडे बघत होता. "रोजा?" त्याने विचारलं. मी मान डोलावली.

"मैं भी," तो हसून त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला. सोमवारी आणि गुरुवारी तो आपल्या मनाने रोजा धरतो, हे दादांना माहीत होतं. मग त्याने एक खजूर उचलला, माझ्याकडे बघत दातांनी अर्धा तोडला, चावून गिळला आणि उरलेला अर्धा माझ्या तोंडाशी धरला. स्वतःच्या मनाने धरलेला रोजा पाहुण्यासाठी मोडला तर चालतो त्यांच्यात, असं दादांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की या माणसाने माझ्यासाठी दिवसाचा उपास टाकला.

मी तो उष्टा खजूर खाल्ला आणि ढसाढसा रडले. मग दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. बाप्पाची क्षमा मागायचं ध्यानातही आलं नाही. दादांची मात्र तिथेच मागितली, पाया पडून.