मानेपर्यंत माती

“मॅडम, तुमची झाडं मरतायत. रोपंच निकृष्ट होती, असा रिपोर्ट मी वर पाठवतोय.”

फोनवर बंदराच्या कामावरचे ज्युनिअर इंजिनिअर होते. मी वैभववाडीला माझ्या नर्सरीत कोकमाच्या पिशव्या बदलत होते. विचारलं, “किती झाडं?”

“सगळी. नऊच्या नऊ.”

“पाच वर्षं जगलेली नऊ झाडं एकदम निकृष्ट कशी झाली?”

“ते तुम्ही सांगायचं. एक्स्पर्ट तुम्ही आहात.”

फोन ठेवला तेव्हा माझी कानशिलं तापली होती. तशीच मातीच्या हातांनी गाडीत बसले आणि विजयदुर्गाच्या बाजूला निघाले. पंचवीस वर्षं मी झाडं लावण्याचं काम करते. रोप मेलं की पहिला ठपका नर्सरीवाल्यावर येतो, याची मला सवय आहे. पण ही नऊ झाडं माझ्या जिवाजवळची होती.

ते बंदर लहान आहे. धक्क्यावर मासे विकणाऱ्या नऊ बायका बसतात. पूर्वी तिथे उंडीची दोन जुनी झाडं होती. धक्का रुंद करताना ती तोडली आणि बायका उन्हात आल्या. मासेवालीला ऊन म्हणजे नुसता घाम नव्हे. बर्फ वितळतो, बांगड्याचा डोळा पांढरा पडतो आणि गिऱ्हाईक नाक मुरडून पुढे जातं. दहा वाजेपर्यंत पाटी रिकामी झाली नाही तर उरलेला माल सुकवायलाच न्यायचा. त्यामुळे धक्क्याच्या कामात नवीन झाडं लावायचं ठरलं तेव्हा बायकांनी एकच सांगितलं होतं, आम्हाला सावली हवी.

इंजिनिअर साहेबांना मात्र पाम हवे होते. “बारा फुटी आणा. लावल्या दिवशी फोटोत दिसले पाहिजेत.”

“पामच्या सावलीत कोण बसणार?” मी विचारलं.

शेवटी उंडीच ठरली. उंडी आपल्या किनाऱ्याचं झाड. पान जाड आणि चकचकीत, खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही. सावली इतकी दाट की खाली गवत वाढत नाही. पूर्वी तिच्या बियांचं तेल दिव्यात जळायचं, होड्यांना लागायचं. दोष एकच, वाढ सावकाश. पहिली दोनतीन वर्षं ती जमिनीखाली काम करते. म्हणून रोप लहानच लावायचं. पिशवीत जास्त वर्षं ठेवलेल्या रोपाचं मूळ तळाशी गोल गोल फिरतं, आणि ते वेटोळं पुढे जन्मभर सुटत नाही. उंच रोप घेणारे लोक वर बघतात, खाली काय झालंय ते कुणी बघत नाही. मी बी फोडून, लांब पिशवीत वाढवलेली दोन फुटी रोपं नेली. साहेब म्हणाले, “एवढीशी?” मी खड्डे खणायला घेतले.

त्या रोपांना जगवलं बायकांनी. धक्क्यावर प्रत्येकीची जागा ठरलेली असते. आईची जागा मुलीला किंवा सुनेला जाते, दुसरी कुणी तिथे पाटी टेकवत नाही. जागा नऊ, झाडं नऊ. ज्या जागेसमोर जे झाड, ते तिचं. रोज विक्री आटोपली की प्रत्येक बाई नळावरून कळशी भरून आपल्या झाडाला घालायची. सगळ्यात पुढे जुबेदाखाला. पासष्टीच्या पुढची, आवाज धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. इतर बायका एक कळशी घालायच्या, ही दोन. पाचव्या वर्षी झाडं माझ्या दुप्पट उंच झाली होती आणि खाली एक बाई आणि तिची पाटी मावेल एवढी सावली पडायला लागली होती. मी ती शेवटची पाहिली मार्चमध्ये. आणि आता दिवाळी तोंडावर आली होती.

धक्क्यावर उतरले आणि कारण लांबूनच दिसलं. प्रत्येक झाडाभोवती लाल चिऱ्याचा चौकोनी पार बांधला होता. उंची दोन फूट, आत गच्च भराव, वरून टाइल. खोड त्या टाइलमधून वर आलेलं. पानं पिवळी, शेंडे वाळलेले.

इंजिनिअर साहेब तिथेच होते. मी विचारलं, “हे कधी झालं?”

“मे महिन्यात. सुशोभीकरण. पुढच्या महिन्यात मंत्रीसाहेब येतायत उद्घाटनाला.”

“आत काय भरलंय?”

“भराव. जुना स्लॅब फोडला त्याचा डबर आणि माती. रोलर जाईना म्हणून धुम्मसाने ठोकून घेतला. काम एकदम पक्कं आहे.”

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “साहेब, तुम्ही झाडाला जिवंत पुरलंय.”

“भाषा सांभाळा मॅडम. झाडाला माती घातली तर वाईट काय? झाड मातीतच वाढतं ना?”

हे वाक्य मी आयुष्यात शंभर वेळा ऐकलंय, आणि दर वेळी तितकाच संताप येतो. खोड जिथे संपतं आणि मूळ जिथे सुरू होतं, त्या जागेला आमच्या धंद्यात कॉलर म्हणतात. मी तिला मान म्हणते. मानेच्या खालची साल ओल सोसते, वरची सोसत नाही. तिला वारा लागतो. तिच्यावर माती चढवली की ती कुजते. शिवाय वरची मुळं श्वास घेतात, त्यांच्यावर दोन फूट डबर ठोकला की तीही गुदमरतात. त्यात चिऱ्याचा पार म्हणजे टाकीच. पावसाचं पाणी आत शिरलं ते चार महिने तिथेच राहिलं.

मी गाडीतून पहार काढली आणि पहिल्या पाराची टाइल उचकटली.

“हात लावू नका. सरकारी बांधकाम आहे. मी पोलिसांत देईन.”

“द्या. येताना त्यांना नाकाला रुमाल लावून यायला सांगा.”

हाताने डबर उकरत खोडापर्यंत गेले. साल काळी पडली होती. बोट लावलं तर ओल्या पुठ्ठ्यासारखी निघून आली, आणि आंबूस वास आला. तोवर बायका भोवती जमल्या होत्या. मी त्यांच्याकडे वळून मालवणीत सुरू केलं. या साहेबाने तुमची झाडं मारली, तुम्हाला न विचारता पार बांधला, तुमच्या पाच वर्षांच्या पाण्याची माती केली, असं बरंच काही. आवाज चढलेलाच होता.

जुबेदाखालाने मला पुरं बोलू दिलं. मग म्हणाली, “बाय, पार आमीच मागून घेतलो.”

मी पहार जमिनीला टेकवली.

“साहेब पाटी लावतलो म्हणा होतो, मोठी, फोटोची. आमी सांगलंव, पाटी नको, झाडांका पार बांध. आमच्या गावात चांगल्या झाडाक पारच घालतत. बसाक होता, झाडाचो मान रवता.”

“पण खाला, माती मानेच्या वर गेली की झाड मरता.”

“ह्या माका आज कळला. तू कदी सांगलंस?”

मी आठवू लागले. पाणी किती घालायचं ते सांगितलं होतं. मीठ लागलेलं पाणी नको, खालच्या फांद्या तिसऱ्या वर्षाआधी छाटू नका, शेळी आली तर काय करायचं, सगळं सांगितलं होतं. हे सांगितलं नव्हतं. मला ते इतकं उघड वाटत होतं की सांगायची गोष्ट वाटलीच नाही. साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून मला पहार त्यांच्याच पायावर टाकावीशी वाटली, पण त्या घटकेला माझा मला जास्त राग येत होता.

“आता काय करूचा ता सांग,” जुबेदाखाला म्हणाली.

“माती बाहेर काढूची. आजच.”

साहेब म्हणाले, “पार फोडायचा नाही. बिलाचं मेजरमेंट झालंय.”

“फोडीत नाय,” ती म्हणाली. “रिकामो करतंव. तुझी भिंत तुका रवांदे.”

बायकांनी टाइल उचलल्या आणि माशांच्या पाट्यांनी डबर उपसायला घेतला. मी पहारीने सैल करत होते, त्या भरून नेत होत्या. साहेब थोडा वेळ फोनवर बोलले, मग निघून गेले. संध्याकाळपर्यंत नऊही पार आतून जमिनीपर्यंत रिकामे झाले. मी प्रत्येक खालच्या चिऱ्याशी पाणी जायला भोक पाडलं, चाकूने कुजलेली साल खरवडली आणि घाव उघडेच ठेवले. लोक अशा वेळी शेण, डांबर, काय काय फासतात. त्याने ओल आतच कोंडते. कोरडा वारा हेच औषध.

जिथे साल एका बाजूने शाबूत होती, तिथे आशा होती. पानात तयार झालेलं अन्न सालीतूनच मुळाकडे उतरतं. साल पूर्ण गोल कुजली की वाट बंद होते आणि मूळ उपाशी मरतं, वर पानं कितीही हिरवी असोत.

जुबेदाखालाच्या झाडाची साल पूर्ण गोल गेली होती. मी तिला विचारलं, पार बांधल्यावर पाणी बंद केलं होतंस ना? तिने नकारार्थी मान हलवली. मे महिन्यात सगळ्यांनी एक कळशी घातली, तिने नेहमीप्रमाणे दोन. पारात पाणी छान मुरतंय, असं तिला वाटलं होतं.

मी तिला खरं सांगितलं, पारात कोंडलेल्या पाण्याने साल कुजली, हे झाड वाचणार नाही. ती म्हणाली, “म्हणजे मीच मारलंय.” मी नाही म्हणाले. ती पाट्या धुवायला गेली.

नऊपैकी सहा झाडं वाचली. तीन गेली. उद्घाटनाच्या दिवशी त्या तीन वाळक्या खोडांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या, त्यामुळे फोटो चांगले आले. रिपोर्टमध्ये ‘खाऱ्या वाऱ्यामुळे मर’ असं लिहिलंय. खाऱ्या वाऱ्यात जन्मलेल्या झाडाबद्दल असं लिहिणाऱ्या माणसाला पुढे बढती मिळाली, हे ऐकून मी दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही.

मेलेल्या तिन्ही जागी मी माझ्याकडची दोन फुटी उंडी लावली. जुबेदाखालाला बाकीच्या बायका आपल्या सावलीत बोलावतात. ती जात नाही. दुसरीच्या जागेवर पाटी टेकवायची नाही, हा नियम तिच्या आईने पाळला, ती पाळते. रिकाम्या पाराच्या कडेला ओला गोणपाट पाटीवर टाकून बसते आणि विक्री झाली की नवीन रोपाला एक कळशी घालते. दुसरी घालत नाही. परवा तिने विचारलं, “सावली पडाक किती वर्सां?”

मी सांगितलं, “पाच.”

“बरा,” ती म्हणाली.

हल्ली झाड लावून दिलं की मी सूचनांचा कागद देत नाही. ज्याचं झाड त्याचा हात धरून खोडाच्या बुंध्याला लावते आणि सांगते, इथपर्यंत माती, याच्या वर नाही. पार बांधायचा तर खोडापासून चार हात लांब आणि आत भराव नको. मग त्याच्याकडून परत म्हणवून घेते. लोक हसतात. सगळ्याला मिळून अर्धं मिनिट लागतं. जुबेदाखालाला अजून पाच वर्षं उन्हात बसायचंय.