माझं बोट, साहेबांचा टेस्टर

"टेस्टर, इकडे ये. लाव बोट."

टेस्टर म्हणजे मी. बुटीबोरीच्या एका कारखान्यात कंत्राटी वायरमन. आमच्या साहेबांनी भंगारातल्या पॅनलचे मोठाले कपॅसिटर काढून, मोटारी तपासायला स्वतःच डीसी सप्लाय बनवला होता. डबा नाही, झाकण नाही, सगळं टेबलावर उघडं. प्लग काढला तरी कपॅसिटर वीज पोटात धरून बसत. ती उतरली का, हे पाहायला साहेबांकडं एकच उपकरण. माझं बोट.

पहिल्या वेळी मी स्टुलासकट आडवा. चहाचा ट्रे अंगावर. साहेब म्हणाले, "काही होत नाही त्याला. या लोकांची कातडी जाड असते."

सगळे हसले. मीही हसलो. वर म्हणालो, "साहेब, आपली गॅरंटीच आहे!" आजोबांनी छप्पन साली धम्म घेऊन मान वर केली, नातवानं बोट पुढं केलं. ‘टेस्टर’ हे नाव मी दोन वर्षं मेडलासारखं मिरवलं. असा मी शहाणा.

मुलगी पॉलिटेक्निकला. तिच्या प्रोजेक्टसाठी घरी छोटा सप्लाय जोडला. बंद करून मी बोट लावलं, हात झटकला आणि मोठ्या कौतुकानं तिला म्हणालो, "आता तू. लाव बोट."

ती हसली नाही.

"काहून, बाबा?"

"असंच पाहतात वं."

"तुमचे साहेब पाहतात का असं?"

माझ्या तोंडून साहेब बोलला होता. माझ्याच पोरीला.

तिनं रबरी क्लिपा लावलेला जाड रेझिस्टर कपॅसिटरला जोडला. साठलेली वीज त्यातून उतरेपर्यंत थांबली. मग मीटर लावला. शून्य. करंगळीएवढा तुकडा. दोन वर्षं त्याच्या जागी मी होतो.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या भंगारातून त्याहून दांडगा रेझिस्टर काढला, वायरी जोडल्या, क्लिपा बसवल्या.

"टेस्टर, लाव बोट."

रेझिस्टर लावला. थांबलो. मीटर लावला, तोंड माझ्याकडं. शून्य. रेझिस्टर तसाच राहू दिला. काढला की थोडी वीज परत वर येते.

"साहेब, आज तुम्ही लावा."

"मीटर दाखव."

"मीटर काहून? मले कधी दाखवला?"

अख्खं शेड थांबलं. साहेबांचा हात अर्ध्यापर्यंत आला, खिशात गेला. कपाळावर घाम. मी अजिबात घाई केली नाही. पोटभर पाहून घेतलं. मग मीटर त्यांच्याकडं फिरवला.

मागून कोणीतरी म्हणालं, "साहेबाची कातडी लय पातळ आहे गा!"

आठवड्याभरात मला लोडिंगवर टाकलं. टाकू दे. साहेबांनी माफी मागितली नाही. मागितली तरी मी देणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत नवीन कंत्राटी कामगार माझ्याजवळ बसतात. त्यांना सांगतो: प्लग काढा, रेझिस्टर लावा, थांबा, मीटर पाहा. आणि कोणी म्हणालं "लाव बोट", तर आधी त्याचं.