कुमुदमावशीचं सरपण

कुमुदमावशी गेली त्या दिवशी मी तिच्या घरातल्या सगळ्या माणसांना बर्फात उभं केलं. तसा माझा हेतू चांगला होता. माझा हेतू नेहमीच चांगला असतो, अडचण त्याच्या पुढे सुरू होते. मार्चचा मध्य, अंगणात गुडघाभर बर्फ. मावशी, म्हणजे माझ्या बायकोची, अनघाची, सख्खी मावशी, दोन दिवस ग्वेल्फच्या हॉस्पिटलात होती आणि सकाळी फोन आला. आम्ही मिसिसागाहून तासाभरात तिच्या घरी पोचलो. तिचा मुलगा मिलिंद आदल्या दिवशीच पार पश्चिम किनाऱ्यावरच्या सरेहून विमानाने येऊन दाखल झाला होता. आणखी पाच-सहा मंडळी जमली होती आणि सगळी कोट न काढता सोफ्यावर बसली होती, कारण घर गारठलेलं होतं. विजेचे हीटर होते, पण ते पाइप गोठू नयेत एवढ्यापुरतेच. मावशीचं घर तापायचं ते लाकडाच्या स्टोव्हवर. मी म्हटलं, थांबा, मी पेटवतो. गेली चार वर्षं मी दर शनिवारी त्या स्टोव्हमध्ये लाकूड घालत आलो होतो, त्यामुळे तो मला कळतो असा माझा समज होता. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती... नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत मावशी तो कधी विझूच द्यायची नाही. थंडगार स्टोव्ह पहिल्यापासून पेटवायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. दोन दिवस गारठलेल्या धुराड्यात जड थंड हवा ठाण मांडून बसते आणि धुराला वर जाऊ देत नाही, हे ज्ञान मला जमलेल्या मंडळींबरोबरच झालं.

पाच मिनिटांत आम्ही सगळे बाहेर. कुणी नुसत्या मोज्यांवर, कुणी मावशीच्या चपलांत. आतून स्मोक अलार्मचा ठणाणा. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यात धुराचं किती, दुःखाचं किती, हे कुणालाच सांगता आलं नसतं. मी वाकून खोकत होतो, तर एक आजी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "असं करू नये रे, तिचं सोनं झालं." ते ऐकून मिलिंद असा हसत सुटला की त्याला कुंपणाला धरावं लागलं. "आईला हे जाम आवडलं असतं," तो म्हणाला. धूर बघून शेजारचा वॉल्टर शेतातून रबरी बूट घालून आला. मावशीला लाकूड पुरवणारा म्हातारा शेतकरी. त्याने एक खिडकी उघडली, वर्तमानपत्राचा पिळा करून पेटवला आणि स्टोव्हच्या आत वर, धुराड्याच्या तोंडाशी धरला. भुस्स असा आवाज झाला आणि सगळा धूर शहाण्यासारखा वर निघाला. माझ्याकडे न बघता वॉल्टर इंग्रजीत एवढंच म्हणाला, "हे तुला शिकवायचं तिच्याकडून राहिलं वाटतं."

शिकवायचं तसं बरंच राहिलं. मावशी पॅथॉलॉजिस्ट. एकोणसत्तरच्या सुमाराला ती आणि तिचे यजमान मधुकाका कॅनडात आले, आणि तिची सगळी नोकरी मायक्रोस्कोपवर वाकून काचेच्या पट्ट्या बघण्यात गेली. निवृत्त झाल्यावर दोघांनी ग्वेल्फच्या बाहेर हे घर घेतलं आणि काकांनी हौसेने ओतीव लोखंडाचा स्टोव्ह बसवला. लहानपणी त्यांच्याकडे आंघोळीच्या पाण्याचा बंब होता, त्यात ढलप्या सारायचं काम त्यांचं. मावशी सुरुवातीला चिडली होती. "चुलीपासून सुटावं म्हणून माझ्या आईने मला डॉक्टर केलं," ती म्हणायची, "आणि यांनी मला विमानात घालून परत चुलीपुढे आणून बसवलं." पण काका गेल्यावर तिने स्टोव्ह काढला नाही. उलट त्याचा अभ्यास केला. दोन ओंडके एकमेकांवर आपटून, मान तिरकी करून ती आवाज ऐकायची. टणत्कार आला तर लाकूड वाळलेलं, बद्द वाजलं तर अजून ओलं. वॉल्टरची गाडी आली की त्यातले चार-पाच ओंडके ती असे तपासायची आणि वॉल्टर टोपी हातात घेऊन रिपोर्टची वाट बघत उभा राहायचा.

पंधरा सालच्या हिवाळ्याच्या तोंडाशी ती अंगणात घसरली आणि मनगट मोडलं. मिलिंद आला तोच मुळी सगळं ठरवून. घर विकायचं, आईने सरेला यायचं, बेसमेंटमध्ये तिच्यासाठी वेगळं बिऱ्हाड तयार आहे, नातवंडं आहेत, आणि मुख्य म्हणजे तिथे बर्फ शोव्हल करावं लागत नाही. मावशीने त्याचं सगळं ऐकून घेतलं, प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून. मग म्हणाली, "जोवर घरातलं लाकूड मी माझ्या हाताने आत आणतेय, तोवर मी इथे. ज्या दिवशी नाही जमणार, त्या दिवशी तिकीट काढ. मी एक शब्द बोलणार नाही." मिलिंद म्हणाला, "डील." आणि डीलवर देखरेख करायला त्याने माझी नेमणूक केली. दर शनिवारी जाऊन बघायचं आणि खरं काय ते सांगायचं. "नितीन, नो फडजिंग हां, बनवाबनवी नको," असंही म्हणाला. हात बरा होईपर्यंतची सवलत मात्र दोघांनी मिळून मान्य केली.

माझा पहिला इन्स्पेक्शनचा शनिवार मला लख्ख आठवतो. शेडपासून मागच्या दारापर्यंत सतरा पावलं. पंचाहत्तरी ओलांडलेली मावशी काकांचा लांब कोट घालून, कॅनव्हासच्या झोळीत चार ओंडके घेऊन, दर तीन पावलांनी थांबत येत होती. आणि इन्स्पेक्टर काचेआड चहा पीत उभा. मला ते बघवेना. मी तिला खुर्चीत बसवलं आणि स्टोव्हशेजारची पेटी आठवडाभर पुरेल अशी गच्च भरून टाकली. संध्याकाळी मिलिंदचा फोन. "आणते का ती?" "हो, आणते की," मी म्हणालो. खोटं नव्हतं... पण खरंही नव्हतं. पुढचा प्रत्येक शनिवार असाच गेला. मी पेटी भरायची, मावशीने "कशाला, कशाला" म्हणत आल्याच्या वड्या पुढे करायच्या, आणि मी मिलिंदला अर्धसत्य सांगायचं. गंमत म्हणजे पुढच्या शनिवारी गेलो की पेटीची डावी बाजू बरीचशी तशीच भरलेली असायची. बाई फार काटकसरीने जाळतात, असा मी निष्कर्ष काढला होता.

सतराच्या ऑक्टोबरात मला ती कल्पना सुचली. मावशी दोन आठवडे सरेला गेली होती, घराची किल्ली माझ्याकडे. मी विचार केला, सगळं लाकूड आधीच घरात असेल तर आत आणायचा प्रश्नच उरत नाही! वॉल्टरला मदतीला बोलावलं तर त्याने मान हलवली, "मी नाही, आणि तूही नको," म्हणाला आणि निघून गेला. मी त्याचा सल्ला म्हाताऱ्याचा आळस म्हणून सोडून दिला. दोन शनिवार-रविवार खपून हिवाळ्याचं सगळं सरपण बेसमेंटमध्ये छतापर्यंत रचलं. पाठीला पट्टा बांधून एअरपोर्टवर मावशीला घ्यायला गेलो. तिने घरी येऊन ती भिंत बघितली. जावई म्हणून ती मला अहोजाहो करायची, आणि जितकी चिडेल तितकी अदबीने बोलायची. "जावईबापू," ती म्हणाली, "आपण फारच कष्ट घेतलेत." तेव्हाच मी समजायला हवं होतं.

नोव्हेंबरअखेर बेसमेंटच्या खिडक्यांना घाम फुटला. लाकडातली सगळी ओल हवेत. डिसेंबरात सालीखाली झोपलेल्या किड्यांना ऊब लागली, त्यांना वाटलं वसंत आला, आणि ते सहकुटुंब बाहेर पडले. लाकूड घरात ठेवायचं ते दोन-चार दिवसांपुरतं, बाकीचं बाहेर, वर छप्पर आणि बाजूने वारा, हे कॅनडातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. माझं शिक्षण इंजिनीअरिंगचं. मावशीने आपल्याकडून ते बाहेर काढायची मोहीम सुरू केली होती, पण एकेक ओंडका वर नेऊन कितीसा होणार. आणि त्यात मिलिंद ख्रिसमसला आला, झोपायला बेसमेंटमधल्या गेस्टरूममध्ये.

ख्रिसमसच्या सकाळी अनघा आणि मी नाश्त्याला तिथेच होतो. मिलिंद जिन्यावरून वर आला तो उपडा ग्लास आणि त्याखाली पोस्टकार्ड असा सांभाळत. "आई, हे माझ्या उशीवर होतं." मावशीने उठून भिंग आणलं, ग्लासमधल्या पाहुण्याला नीट न्याहाळलं. तिचा चेहरा उजळला. "लांब मिशांचा भुंगेरा आहे. घराला काही करत नाही. किती देखणा आहे बघ." मिलिंद म्हणाला, "देखणा राहू दे. खाली अख्खं जंगल कुणी आणून ठेवलंय?" माझ्या हातातला पोह्यांचा चमचा हातातच राहिला. मी आणलं म्हटलं तर मावशीला झेपत नाही हे उघड. मावशीने आणलं म्हटलं तर तिला वेड लागलंय हे उघड. दोन्हीकडून तिकीट सरेचंच. मी तोंड उघडलं, पण मावशीनेच सांगून टाकलं. "यांनी आणलं, माझ्यावरच्या मायेने. मला आता चार जमत नाहीत, मिलिंद. झोळी ओढवत नाही. एका वेळी एकच ओंडका जमतो."

मावशी उठली, काकांचा कोट चढवला, टोपी घातली आणि बाहेर गेली. आम्ही तिघं काचेतून बघत होतो. सतरा पावलं जाताना, सतरा येताना. मेपलचा एक ओंडका तिने तान्ह्या मुलासारखा छातीशी धरला होता. आत येऊन तो पेटीत ठेवला आणि हातमोजे झटकले. "झालं."

"आई, दॅट्स वन," मिलिंद म्हणाला.

"मी किती म्हटलं होतं?"

मिलिंद विचारात पडला. मला त्याचा चेहरा दिसत होता. इतका मोठा डेंटिस्ट, पण आठवीतल्या मुलासारखा जुना हिशेब डोक्यात चाळत होता. मग तो उठला, दाराशी गेला आणि दार उघडून धरून उभा राहिला. "मग जा, दुसरा आण," म्हणाला. त्या सकाळी मावशीने नऊ खेपा केल्या आणि मिलिंदने नऊ वेळा दार उघडलं, नऊ वेळा लावलं. मध्ये एकदाही तिच्या हातातलं घ्यायला पुढे झाला नाही. त्यासाठी त्याला किती जोर लावावा लागला असेल ते मी बघत होतो. मी स्वतः ती सुट्टी मिलिंदच्या मुलीच्या, इथेच ठेवलेल्या प्लास्टिकच्या घसरगाडीवर लाकूड घालून, ते सगळं बेसमेंटमधून परत शेडमध्ये नेण्यात घालवली. मावशी खिडकीतून हात हलवायची.

त्यानंतर सरेचं नाव निघालं नाही. ती आणखी एक हिवाळा आणि दुसऱ्यातला मार्चपर्यंतचा भाग तिथे राहिली, एकेक ओंडका आणत. माझी शनिवारची भर चालूच होती, आणि मिलिंदला "हो, आणते की" हेही चालूच.

गेल्या शनिवारी मिलिंद घर आवरायला पुन्हा आला. मे संपत आलाय, बर्फ जाऊन अंगणात पिवळी फुलं आली आहेत. शेडपाशी आम्ही दोघंच उभे होतो, आणि माझ्या पोटात चार वर्षं बसलेलं बाहेर पडलं. "मिलिंद, मी तुला फसवलं. दर शनिवारी पेटी मीच भरत होतो."

"आय नो," तो म्हणाला. "रविवारी ती फोन करून सांगायची. आज जावईबापूंनी बावीस आणले, त्यांना दम लागतो, अनघाला म्हणावं त्यांची शुगर बघ."

"बावीस? ती मोजायची?" मी म्हटलं.

"आणि तुझे ती वापरायची नाही. डाव्या बाजूला वेगळे ठेवायची, कुणी आलं तरच जाळायची. रोजचे तिचे स्वतःचे. डील म्हणजे डील." त्याने पायाने एक ढलपी बाजूला सारली. "दर रविवारी फोनवर ती मॅच जिंकल्यासारखी बोलायची रे. सरेला मी तिला ते कुठून देणार होतो?"

बोलत बोलत आम्ही शेडच्या मागच्या बाजूला गेलो. हिवाळाभर ती बर्फाखाली होती, तिथे कुणी गेलंच नव्हतं. वर्ष-दोन वर्षं वाळावं लागतं अशा ओल्या, नव्या लाकडाच्या दोन लांबलचक थप्प्या, वॉल्टरच्या हाताच्या, ओळंब्यात रचलेल्या. प्रत्येक थप्पीवर एक फळी आणि फळीवर खडूने मावशीच्या डॉक्टरी अक्षरात काहीतरी लिहिलेलं. मिलिंदला मराठी वाचायला वेळ लागतो. तो बोट फिरवत एकेक अक्षर लावत होता. पहिल्या फळीवर होतं, 'येता हिवाळा'. दुसरी त्याला लागेना, ती मी वाचली... 'त्याच्या पुढचा'. मिलिंदने त्या फळीवर हात ठेवला. मग इंग्रजीत म्हणाला, निदान हे जळेपर्यंत तरी घर विकायचं नाही.

परतताना गाडीत मी अनघाला हे सगळं सांगितलं. हायवेवर टायरांचा घर्र घर्र आवाज चालला होता. अनघा डोळे पुसत, हसत म्हणाली, "एकोणऐंशीव्या वर्षी तिने दोन हिवाळे पुढचं लाकूड रचून ठेवलं. आणि तू? मे संपला, अजून गाडीचे विंटर टायर काढले नाहीस."