नकाशाबाहेरचं गाव

आमच्या पाणी समितीच्या बैठकीत मी इतिवृत्त लिहायला बसलो होतो. उसासाठी बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, उन्हाळाभर बंद ठेवाव्यात, अशी वरच्या गावांची मागणी होती आणि बहुतेकांच्या माना डोलत होत्या. तेवढ्यात खाली कर्नाटकाच्या सीमेजवळच्या मैंदर्गीकडची एक पन्नाशीची बाई उठली. पदर खोचून ती भिंतीवरच्या नकाशापाशी आली आणि बोटाने नदी गिरवू लागली. शेवटच्या बंधाऱ्याखाली कागद संपला, तरी तिचं बोट भिंतीवरून पुढे सरकत राहिलं.

"आमचं गाव हितं हाय," ती म्हणाली. "नदी पुढं जाती की, साहेब. मग कागद का थांबला?"

"बसून घ्या बाई," पाटबंधारे खात्याचे साहेब म्हणाले.

"न्हाय. आमची जनावरं ह्याच पाण्यावर हायती. आदी गाव काडा, मग बसते."

शेवटी वरचा एक बागायतदारच म्हणाला, "काडा साहेब. बाई खरं बोलतीया."

साहेबांनी खाली कोरा कागद डकवून गाव काढलं. दर महिन्याला पाणी सोडण्याचा ठराव झाला आणि मी तो एका दमात लिहिला.

वैशाखात पहिले बर्गे निघाले, तेव्हा मी बंधाऱ्यावर होतो. कोरड्या पात्रातून पाणी माणसाच्या चालीने पुढे सरकत होतं. काठाने ती बाई चालली होती आणि लेकराला बोलवावं तसं कानडीत त्याला "बा, बा" म्हणत होती. नाव विचारायला मी हाक मारली, पण ती थांबली नाही. तिला पाण्याच्या आधी गावात पोचायचं होतं.