बिडीची सुट्टी

आमच्या मरोळच्या कारखान्यात तंबाखूवरून इतके किस्से झाले, की एकेक आठवला तरी आज डोकं फिरतं. ऐंशीनंतरची ती वर्षं. पुरुष मशीनवर, आम्ही बायका रेडिओचे पार्ट जोडायला. चार वाजता पुरुषांना दहा मिनिटं बिडीची सुट्टी. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण रीत होती. आणि आम्हाला? काही नाही.

*

सावंतकाका गिरणीतून आलेले, बिडीवाले. त्यांचा मुलगा दिलीपही आमच्याकडेच, पण फिल्टरवाला. बापासमोर कशी ओढायची, म्हणून तो गोडाऊनच्या मागे जायचा. काकांना ते ठाऊक होतं. तिकडे जायची वेळ आली की ते आधी मोठ्याने खोकायचे, पोराला विझवायला वेळ मिळावा म्हणून. केवढं ते मान राखणं! आम्ही पाणी प्यायला उठलो तर मात्र कोणी खोकायचं नाही, थेट ओरडायचे.

*

मालवणच्या शेवंतामावशी आमच्यात सगळ्यात मोठ्या. डबा खाल्ला की बोटावर मिश्री घेऊन दातांना लावायच्या, घरी तव्यावर तंबाखू भाजून केलेली. सुपरवायझरने एकदा पाहिलं आणि म्हणाला, "शी! काय घाणेरडी सवय." बोलताना त्याच्या नाकातोंडातून धूर येत होता.

*

पुढे मालकांची सून कारखाना बघायला आली. बोलता बोलता तिने पर्समधून सिगरेट काढली. आम्ही बघतच राहिलो. तोच सुपरवायझर धावत जाऊन ॲशट्रे घेऊन आला आणि तिची सिगरेट संपेपर्यंत हातात धरून उभा राहिला. घाणेरडी सवय काय ती आमचीच.

*

आणि नलिनी. सातवा महिना, दिवसभर स्टुलावर वाकून सोल्डरिंग. तिने पाठ मोकळी करायला दहा मिनिटं मागितली. सुपरवायझर म्हणाला, ती सुट्टी बिडी ओढणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे बाईला व्यसन नाही, हा तिचा गुन्हा? नलिनी डोळे पुसत परत वाकली. माझं टाळकंच सरकलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता शेवंतामावशींनी सावंतकाकांकडून बिडीचं बंडल मागून घेतलं आणि आम्हा सगळ्यांच्या हातात एकेक बिडी दिली. नलिनीला बाहेर कट्ट्यावर टेकवलं, आम्ही तिच्या दोन्ही बाजूंना बसलो. सुपरवायझर तणतणत आला.

"पोटुशी बाई हातात बिडी घेऊन बसलीये! लाज नाही वाटत?"

मावशींनी पदर सारखा केला. म्हणाल्या, "लाज वाटता म्हणानच पेटवूक नाय."