कानडी आई

बेळगावजवळच्या वडगावात, विणकर गल्लीत रुक्माबाईला नावं ठेवायला जागा नव्हती, तरी लोकांनी ठेवलीच. सावत्र म्हटलं की जिभेला धार येते. सिद्राम बिजवर, त्याच्या घरी ती आली तेव्हा त्याचा बसवंत कळता होता. बायांनी त्याला पढवलं, "ही तुझी मावशी रं." तो मावशीच म्हणत राहिला. रुक्माबाईला स्वतःचं मूल झालं नाही. सिद्राम गेल्यावर सुताच्या कांड्या भरून भरून तिनं घर ओढलं, बसवंतला मागावर बसवलं.

पोरगा गुणाचा. उलट शब्द नाही. खडेबाजारात लुगडी देऊन येताना तिची पानसुपारी कधी विसरला नाही. पण आई काही म्हणाला नाही. ते तिला लई लागायचं. बोलून दाखवायची नाही. मागून मिळालेल्या शब्दाला काय चव?

बेळगावात काँग्रेस भरली, त्याच्या पुढच्या वर्षी बसवंतला बैलहोंगलकडची यल्लव्वा केली. जात एकच, भाषा कानडी. सून कानडीत बोले, सासू मराठीत उत्तर देई. भांडण झालं की मात्र दोघी भाषा बदलत, समोरचीला नीट झोंबावं म्हणून.

यल्लव्वाला मुलगी झाली, तारा. पोर बोबडं बोलू लागली तशी यल्लव्वा स्वतःकडे बोट करून "अव्वा" म्हणे आणि सासूकडे करून "आई". पोरीनं ते उचललं. दिवसभर आई-आई करत ती रुक्माबाईच्या पदराला लोंबकळू लागली.

शेजारच्या राजाबाईला राहवतंय कसलं. "व्हय गं रुक्मे, बाळंत झाली ती आन् आई तू? आयत्या बिळावर नागोबा झालीस की." मग हळूच म्हणाली, "फुगू नगंस. तिच्या माहेरी आज्जीला आई म्हणत्यात."

"ठावं हाय मला," रुक्माबाई म्हणाली. "म्हाईत असून ओ देती."

एवढ्यावर गप्प बसेल तर ती राजाबाई कसली. मागावर बसलेल्या बसवंतला तिनं हाक मारली. "बसवंता, पोरीला आज्जी म्हणाय शिकीव. मराठी घर हाय तुमचं."

रुक्माबाईचा रहाटावरचा हात थांबला. बसवंत सरळ माणूस. बरोबर ते बरोबर म्हणणारा. आता हा शब्दही जाणार, असं तिला वाटलं.

बसवंतनं धोटा थांबवला. आतलं सूत संपलं होतं.

"ऱ्हाऊ दे की, राजाक्का," तो म्हणाला, आणि मान न वळवता मागं हात केला. "आई, कांडी दे."

रुक्माबाईला रडू आलं. राजाबाईच्या देखत आलं, तरी तिनं ते लपवलं नाही. तिनं कांडी दिली. कुठल्या भाषेत म्हणालास, असं मात्र तिनं मरेपर्यंत त्याला विचारलं नाही.